दिलीपची लाईन

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरच्या कामाबद्दल लिहा, पण आमच्या आईला कळेल असं लिहा." त्यांच्या मातोश्री भोरच्या तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्या आहेत. तेव्हा सुरुवात त्यांच्या कचेरीतूनच करतो.

समजा, कचेरीत नियम आहे की अर्ज बंद पाकिटातच द्यायचा. वाटेत कुणी वाचू नये एवढाच हेतू. दारात शिपाई आणि आत दोन टेबलांवर दोन कारकून. आलेल्या माणसाला एकदा या टेबलाकडं, एकदा त्या टेबलाकडं धाडायचं हे शिपायाचं काम, म्हणजे एकाच ठिकाणी झुंबड उडत नाही. पुढं साहेबांच्या लक्षात येतं की पाकिटं फोडण्यातच कारकुनांचा निम्मा दिवस जातोय. ते फर्मान काढतात, पाकीट शिपायानं दारातच फोडावं आणि आतला कागद तेवढा टेबलावर द्यावा. पण कारकुनाला जुना नियम पाठ असतो. तो उघडा कागद बघतो आणि म्हणतो, "बंद पाकिटात आणा." माणूस बाहेर येतो, कागद पाकिटात घालतो, चिकटवतो, शिपायाच्या हातात देतो. शिपाई ते फोडतो. कारकून म्हणतो, "बंद पाकिटात आणा." दोघंही नियमानं वागतायत आणि माणूस मात्र दिवसभर दार ते टेबल, टेबल ते दार फिरतोय.

वेबसाइटच्या पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र असतं ना, ते म्हणजे हे बंद पाकीट. शिपायाला आम्ही लोड बॅलन्सर म्हणतो आणि कारकुनांना सर्व्हर. मशीनच्या राज्यात हे हेलपाटे डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोवर वीसेक होतात, मग ब्राउझर दमतो आणि पांढरं पान समोर टाकतो. इलाज सोपा आहे. शिपायानं पाकीट फोडलं की कागदाला चिठ्ठी लावायची, 'हा बंद पाकिटातून आला होता.' आणि कारकुनाला बजावायचं की बाबा, चिठ्ठी वाचत जा. माझी सगळी नोकरी या चिठ्ठ्या लावण्यात आणि त्या वाचल्या जातात का ते बघण्यात गेली. लग्नाच्या बैठकीत मुलीकडच्यांना हे कसं सांगायचं हा माझ्या घरच्यांना मोठाच प्रश्न पडला होता. शेवटी "सलीम पुण्यात कॉम्प्युटरमधी हाय" यावर भागवलं.

हा धंदा मी शिकलो मात्र कापूरहोळच्या फाट्यावर. तिथं अब्बांचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान होतं. एखाद्या गाडीचा दिवा लागत नसला की मी उत्साहानं बॅटरीकडून सुरू करायचो. अब्बा ओरडायचे, "बॅटरीपास्नं नगं. दिवा जितं लागंना तितनं मागं ये." गाडी घाटात बंद पडली असेल तर पिशवी उचलून घाटात जायचे. दुकानात बसून निदान सांगणाऱ्या मेकॅनिकांना ते वैदू म्हणायचे. दिव्याचं ते वाक्य मी पुढं नव्या पोरांना शिकवलं, मुलाखतींत सांगितलं आणि ज्या दिवशी ते वापरायला हवं होतं त्या दिवशी विसरलो.

दोन हजार पाच-सहाचा सुमार असेल. पुण्यात आमची कंपनी लहान होती. शाळा-कॉलेजांचे प्रवेशाचे फॉर्म इंटरनेटवर आणून द्यायचं काम आम्ही करायचो. दोन सर्व्हर होते. त्यांना नावं द्यायची वेळ आली तेव्हा मी एकाचं राजगड ठेवलं, दुसऱ्याचं तोरणा. दोन्ही किल्ले आमच्या शेजारच्या वेल्ह्याचे. दोन्हीकडं जायचं तर हायवे सोडून चेलाडी फाट्यावर वळावं लागतं, म्हणून दारातल्या शिपायाचं नाव चेलाडी. पुण्याची पोरं हसली, पण नावं टिकली.

या नावांनी एकदा गंमतही केली. आतला कारकून माणसाला परत पाठवताना कचेरीचा पत्ता देण्याऐवजी चुकून स्वतःच्या टेबलाचा पत्ता द्यायला लागला. तो पत्ता बाहेर कुणालाच ठाऊक नसतो, त्यामुळं पान उघडत नाही. एका शाळेचे वयस्कर मुख्याध्यापक फोनवर म्हणाले, "अहो, मी प्रवेश अर्ज बघायला गेलो तर तुमची साइट मला तोरण्यावर जा म्हणते. माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय." त्यांना मी स्वतः जाऊन पेढे देऊन आलो. तेव्हा चुका अशा हसण्यावारी जायच्या.

मग पुण्यातल्या एका संस्थेच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं काम आलं. फॉर्म फक्त इंटरनेटवर भरायचा, शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. गर्दी होणार म्हणून आदल्या दिवशी आम्ही नवा, दांडगा चेलाडी बसवला. पाकिटं आता तोच फोडणार होता. माझं काम दोन ओळींचं होतं. राजगडाला सांगायचं की चिठ्ठी वाच आणि तोरण्यालाही तेच सांगायचं.

आमच्याकडं नवी मशीन आली की पूजा व्हायची. हळदकुंकू, उदबत्ती आणि नारळ. नारळ फोडायला मलाच बोलवायचे, कारण शहरातली पोरं नारळ चार-चार वेळा आपटायची आणि पाणी मशीनवर उडायचं. माझ्या एका फटक्यात त्याची दोन भकलं व्हायची. "सलीमभाईंच्या हातचा नारळ लाभतो" असं आमचे साहेब म्हणायचे आणि मलाही त्याचं कौतुक वाटायचं. त्या दिवशी राजगडाचं काम संपवून मी तोरणा उघडणार तोच हाक आली, "सलीमभाई, नारळ." मी उठलो. नारळ फोडला, खोबरं वाटलं, पेढा खाल्ला, हात धुतले. परत येऊन साइट उघडून बघितली. कुलूप दिसलं, फॉर्म उघडला. काम झालं म्हणून पुढच्या कामाला लागलो.

तोरणा तसाच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला दिलीपचा फोन आला. दिलीप मूळचा आंबवड्याचा, भोरला शाळेत माझ्याच बाकावरचा. भोरात त्यानं इंटरनेट कॅफे काढला होता. पाच मशीन, प्रत्येकीवर क्रोशाचं झाकण, भिंतीवर 'चपला बाहेर काढा' अशी पाटी. कॉलेजच्या पोरापोरींचे फॉर्म तो स्वतः शेजारी बसून भरून द्यायचा.

"सल्या, तुमची ती नर्सिंगची साइट चालंना बघ. सकाळपास्नं नुसती गरगर फिरतीय आन पांढरं पान येतंय."

मी समोर साइट उघडली. "इथं चालतंय की."

"आरं पर हितं न्हाई. पाचीच्या पाची मशीनवर तेच हाय."

"पाचही मशीनवर तेच म्हणजे दोष मशीनचा नाही. तुझी लाईन खराब आहे," मी म्हणालो. आपला तर्क किती स्वच्छ आहे याचं मला बरंही वाटलं.

"हितं एक पोरगी बसलीय रं. सुनीता नाव. वेल्ह्याच्या पल्याडची हाय, बारावी हितंच झाली. पयल्या एसटीनं आलीय चुलत्यासंगट. बाप न्हाई तिला. चुलता म्हनतोय, यंदा फारम गेला तर शिक, न्हाईतर तुळशीचं लगीन झालं की तुजं उरकायचं. आज शेवटचा दिस हाय."

मी त्याला मॉडेम बंद करून चालू करायला सांगितलं. साठलेल्या कुकीज, म्हणजे ब्राउझरनं ठेवलेल्या जुन्या खुणा, पुसायला सांगितलं. दुखणं कळलं नाही की आम्ही कॉम्प्युटरवाले हेच काढे देतो.

इथं शिपायाची आणखी एक सवय सांगायला हवी. एका वस्तीतून आलेला माणूस एकदा ज्या टेबलाकडं गेला, त्या वस्तीतल्या सगळ्यांना त्याच टेबलाकडं पाठवायचं अशी ताकीद आम्हीच त्याला दिली होती. त्यामुळं अर्धवट भरलेले कागद टेबलाटेबलावर हुडकत बसावं लागत नाही. इंटरनेटवर एका कॅफेतल्या मशीन शिपायाला एकाच वस्तीच्या दिसतात. आमचं ऑफिस गेलं होतं राजगडाच्या वाटणीला आणि दिलीपचा कॅफे तोरण्याच्या. आम्ही दिवसभर कितीही वेळा बघितलं असतं तरी साइट चालूच दिसली असती आणि दिलीपनं पाच सोडून पन्नास मशीन लावल्या असत्या तरी पांढरं पानच आलं असतं. बाकी निम्म्या लोकांचे अर्ज येत होते, आकडा वाढत होता, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पुण्याहून भोर फार लांब नाही. अब्बा असते तर पिशवी उचलून निघाले असते आणि जेवायच्या वेळेआधी तिथं पोचले असते.

दिलीपचे आणखी दोन फोन आले. तिसऱ्यांदा मी जरा चिडूनच बोललो. साडेतीनला त्यानं फोन सुनीताच्या चुलत्यांकडं दिला.

"सायेब, आमी लई लांबनं आलोय. सकाळधरनं पोरगी उठली न्हाई खुर्चीवरनं. कायतरी करा."

"काका, साइट चालू आहे," मी म्हणालो. "तुम्ही जिथं बसलाय ना, त्या कॅफेची लाईन खराब आहे."

हे वाक्य मी सरळ त्यांच्या कानात घातलं. दिलीप शेजारीच उभा होता.

चार वाजता दिलीपनं कॅफेला कुलूप लावलं आणि सुनीताला मोटारसायकलवर बसवून कापूरहोळ गाठलं. तिथल्या कॅफेत दुसऱ्या कंपनीची लाईन होती, म्हणजे शिपायाच्या लेखी दुसरी वस्ती, आणि ती राजगडाच्या वाटणीला गेली होती. पहिल्या फटक्यात साइट उघडली. नाव, पत्ता, मार्क भरून झाले. फोटो चढत असताना पाच वाजले आणि पानावर आलं, 'अर्ज स्वीकारण्याची मुदत संपली आहे.' दुसरीकडं साइट चटकन उघडली म्हटल्यावर दिलीपचीही खात्री पटली की दोष आपल्याच लाईनीचा. मी त्याला चुकीचं सांगितलं होतं आणि वर पुरावाही मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सर्व्हरची नोंद बघत बसलो. प्रत्येक मशीन कोण आलं, कोण गेलं हे लिहून ठेवत असते. तोरण्याच्या नोंदीत पानंच्या पानं एकाच प्रकारच्या ओळी होत्या. माणूस आला, परत पाठवला. आला, परत पाठवला. भोरचा, म्हणजे दिलीपच्या कॅफेचा पत्ता सकाळी सव्वादहापासून दुपारी चारपर्यंत होता. मी ते कागदावर छापून काढलं आणि बघत राहिलो.  त्या यादीत आणखीही पत्ते होते. ते कोण होते, कुठल्या गावचे होते, त्यांचं पुढं काय झालं, हे मला आजतागायत माहीत नाही.

साहेबांना कागद दाखवला. ते म्हणाले, "संस्था खूश आहे, अर्ज भरपूर आलेत. तोरणा दुरुस्त कर आणि विषय बंद." मी तोरणा दुरुस्त केला. एक ओळ होती, मिनिटभर लागलं असेल.

दोन दिवसांनी संस्थेच्या ऑफिसातून मला फोन आला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "भोरकडचे एक गृहस्थ आलेत पुतणीचा कागद घेऊन. साइट बंद होती म्हणतात. तुमच्याकडून काही अडचण होती का? असेल तर आम्ही वर विचारून बघू." तो छापलेला कागद माझ्या टेबलावर होता. मी म्हणालो, "नाही हो, आमच्याकडून काही नव्हतं. त्यांच्या तिकडची लाईन असेल."

नारळाच्या नादात तोरणा राहिला ती चूक होती. दिलीपला उडवून लावलं तो माज होता. पण या फोनला मी दिलेलं उत्तर म्हणजे शुद्ध खोटं. साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं खरं, पण बोललो मी. नोकरी जाईल ही भीती होती, तीही खरी. पण ही भीती सांगून मला आजवर एकदाही बरं वाटलेलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते मग भोरात झालं. 'दिलीपच्या कॅफेत फारम भरू नका, त्याची लाईन कच्ची हाय' असं एकाचं दुसऱ्यानं ऐकलं. दिलीपनं मॉडेम बदलला. खांबापासून दुकानापर्यंतची वायर नवी ओढून घेतली. कापूरहोळसारखी दुसऱ्या कंपनीची लाईनही घेऊन बघितली. पण फॉर्म भरायला येणाऱ्या पोरांनी पाय वळवले ते वळवलेच. दोन वर्षांत कॅफे बंद झाला. आता एसटी स्टँडजवळ त्याचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान आहे. सगळी दुकानं आता इंटरनेटवर चालतात, पण त्यानं पुन्हा लाईन घेतलेली नाही. सुनीताचं लग्न त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर झालं, हे मी उडत उडत ऐकलं होतं.

दिलीप माझ्याशी एका शब्दानं वाकडं बोलला नाही. दर ईदला शीरखुर्म्याला येत राहिला. एकदा तर म्हणाला, "तवा म्या तुला सारका सारका फोन करून लई तरास दिला, सल्या." मी वाटीत आणखी शीरखुर्मा वाढला आणि विषय बदलला.

नोकरी सोडून मी भोरला परत येऊन दोन वर्षं झाली. संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी चार-पाच गमतीचे किस्से काढले, मुख्याध्यापकांचे गुडघेही त्यात होते. पण प्रत्येक किस्सा लिहिताना हा दिवस आडवा यायचा. शेवटी गेल्या महिन्यात एका दुपारी दिलीपच्या दुकानात गेलो. तो कुणाची तरी मार्कशीट लॅमिनेट करत होता.

"दिलीप, त्या नर्सिंगच्या फॉर्मच्या दिवशी तुझी लाईन चांगली होती," मी म्हणालो. "चूक आमच्या सर्व्हरची होती. म्हणजे माझीच."

त्यानं मार्कशीट मशीनमधून पूर्ण बाहेर येऊ दिली. उजेडात धरून कुठं फुगा राहिलाय का बघितलं. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, "कवापास्नं म्हाईत हाय तुला?"

"दुसऱ्या दिवसापासून."

त्यानं टेबलावरचे प्लास्टिकचे तुकडे गोळा केले. मग हळूच म्हणाला, "म्या खांबापास्नं वायर बदलली व्हती रं."

 तोच पुढं म्हणाला, "दर भाऊबिजेला जातो मी तिच्याकडं. तुला म्हाईत न्हाई."

मला खरंच माहीत नव्हतं.

"पयल्या साली माफी मागाया गेलो व्हतो. म्हनलं, ताई, माज्या लाईनीपायी तुजं शिक्शान गेलं. ती म्हनली, आसूंदे दादा, आता तुमी आलाय तर बसा, ओवाळते. तिला भाऊ न्हाई. तवापास्नं एक साल चुकलं न्हाई. गावात कुनाला ताप आला तर थर्मामीटर बघाया अजून तिलाच बलवत्यात."

"मी तिला सांगतो," मी म्हणालो. "यंदा तुझ्याबरोबर येतो."

"तू येऊ नगं. येवडी वर्सं तू आला न्हाईस, आता सनाला कशाला?" त्यानं मशीनचं बटण बंद केलं. "तू लिवतोयस न्हवं त्या दिवाळी अंकात? मग हेच लिव. समदं लिव, तुजं नाव न झाकता. अंक मी घिऊन जातो. ती वाचंल, मी बसून ऱ्हाईन. मग ओवाळायचं का न्हाई ती ठरवंल."

"आणि तू काय ठरवलंस?"

 त्याच्या दुकानात मी इतकी वर्षं जातोय, त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं चहा सांगितला नाही.

तेव्हा हे लिहिलं. संपादकांच्या आईंना कळलं असेल अशी आशा आहे. पण खरं तर हे एकाच वाचकासाठी आहे आणि भाऊबिजेला हा अंक तिच्या हातात असेल.

सुनीताताई, तुमच्या चुलत्यांना फोनवर उत्तर देणारा तो साहेब मी. संस्थेला खोटं सांगणाराही मीच. दिलीपची लाईन त्या दिवशी चांगली होती. तो तुमच्यासमोर मान खाली घालून बसला असेल, त्याची सवयच आहे ती. त्याला नेहमीसारखं ओवाळा.